माफीनामा लिहून घेण्याचा अधिकार महाविद्यालयाला आहे का?

प्रश्न : तिसरे_सत्र

मी एका अनुदानित महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. परीक्षा अर्जासोबत घेतल्या जाणाऱ्या विलंब शुल्काची पावती कोणालाच मिळत नाही, असे मी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिले होते. भाषा संयत होती आणि कोणाचेही नाव घेतलेले नव्हते. त्या संदेशाचा स्क्रीनशॉट कार्यालयात पोहोचला व मला शिस्तपालन समितीपुढे बोलावण्यात आले. तेथे मोबाइल उघडून दाखवण्यास सांगण्यात आले, ओळखपत्र काढून घेण्यात आले आणि संस्थेची बदनामी केल्याबद्दल माफीनामा दिला नाही तर हॉल तिकीट अडवू, प्रसंगी टी.सी. हातात देऊ, असे तोंडी बजावण्यात आले. मोबाइल मी दिला नाही. माफीनामाही अद्याप लिहिलेला नाही.

माझी भूमिका अशी आहे की, महाविद्यालयाची सत्ता ही विद्यापीठ कायदा, परिनियम आणि संलग्नतेच्या अटी यांतून आलेली असते. ती वडीलकीची सत्ता नव्हे. 1875 च्या सज्ञानता कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान असते, मतदान करते, करार करते. मग त्याच व्यक्तीला ‘उद्या वडिलांना घेऊन ये’ असे कोणत्या आधारावर सांगितले जाते? संविधानाच्या अनुच्छेद 19 ने दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर ठेवून आत यावे लागते, असे मला वाटत नाही. प्रवेशाच्या वेळी ‘महाविद्यालयाचे सर्व नियम मला मान्य आहेत’ या छापील वाक्याखाली मी सही केलेली आहे, हे मात्र खरे. त्या सहीने मी नेमके काय गमावले आहे?

उत्तर : वकिली_चष्मा

सहीचा प्रश्न आधी निकाली काढू. मूलभूत अधिकार करार करून सोडून देता येत नाहीत, त्यामुळे त्या छापील वाक्याचा अर्थ एवढाच की कायदेशीररीत्या केलेले व विद्यार्थ्याला उपलब्ध करून दिलेले नियम तुम्ही पाळाल. ‘प्राचार्यांना योग्य वाटेल ती शिक्षा’ त्यात येत नाही.

तथापि, तुम्ही सगळा भार अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर टाकला आहे, तेथे मी सावध करीन. तो मुद्दा योग्य आहे; अनुच्छेद 19(2) मधील निर्बंधांच्या कारणांत अब्रुनुकसानी आहे, पण पावती न मिळाल्याची खरी तक्रार म्हणजे अब्रुनुकसानी नव्हे. परंतु तुमची अधिक भक्कम बाजू कार्यपद्धतीची आहे. घनश्याम दास गुप्ता प्रकरणात उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने विद्यार्थ्यांचे म्हणणे न ऐकता त्यांचे निकाल रद्द केले होते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये स्पष्ट केले की असा निर्णय घेणाऱ्या समितीने न्यायिक वृत्तीने वागले पाहिजे, म्हणजे आरोप कळवला पाहिजे आणि बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. अलीकडचे उदाहरण मे 2025 चे आहे. पुण्यातील एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरील मजकुरावरून महाविद्यालयाने काढून टाकले होते. तिचे म्हणणे न ऐकता काढलेल्या त्या आदेशाला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि तिचा परीक्षेचा मार्ग मोकळा केला.

आता उलट बाजू. बाजू मांडू देण्याचे हे तत्त्व, म्हणजे नैसर्गिक न्याय, पण तो म्हणजे न्यायालयासारखी साग्रसंगीत सुनावणी नव्हे. रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहात शिरले होते. चौकशी समितीने मुलींचे जबाब या विद्यार्थ्यांच्या अनुपस्थितीत घेतले, उलटतपासणी होऊ दिली नाही, तरीही हिरानाथ मिश्रा प्रकरणात (1973) सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली, कारण आरोप सांगून त्यांचे म्हणणे घेतलेले होते आणि तक्रारदार मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता. म्हणून ‘साक्षीदार समोर आणा’ असा आग्रह सर्वत्र टिकत नाही. तुमच्याकडे मात्र लेखी आरोपही नाही, आदेशही नाही.

मोबाइलविषयी: वर्गात किंवा परीक्षेत तो बंद ठेवायला सांगणे हा शिस्तीचा भाग आहे, तो उघडून खासगी संदेश वाचण्याचा अधिकार कोणताही कायदा प्राचार्यांना देत नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालापासून निर्विवाद आहे, आणि त्याच निकालाच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये फहीमा शिरीन प्रकरणात वसतिगृहातील मोबाइलबंदीला विरोध केला म्हणून काढलेल्या विद्यार्थिनीला परत घेण्याचा आदेश दिला.

उत्तर : निवृत्त_प्राध्यापक

मी शिस्तपालन समितीवर अनेक वर्षे काम केले आहे. मोबाइल मागणे गैर होते, हे मान्य करून एक गोष्ट सांगतो, जी कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. समित्या सारे काही तोंडी करतात, त्यामागे नेहमीच दडपशाही नसते. ‘लेखी काही ठेवले तर पोराच्या दाखल्यावर शेरा येईल, नोकरीत अडचण होईल’ या भावनेने आम्ही माफीनामा घेऊन विषय मिटवत असू, आणि त्याला दया समजत असू. वडिलांना बोलावण्यामागेही हीच भावना असे. तुमच्या प्रश्नामुळे त्या दयेची दुसरी बाजू ठळक होते: नोंदच नसल्यामुळे विद्यार्थ्याला दाद मागता येत नाही, आणि माफीनामा तेवढा कायमचा फाइलमध्ये राहतो.

मात्र ‘वडीलकीची सत्ता नव्हे’ हे विधान मला अर्धेच पटते. महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यानुसार तक्रार आल्यास सात दिवसांत चौकशी करण्याची आणि प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर आहे. दुर्लक्ष केले तर त्याच्यावरच प्रोत्साहनाचा ठपका येतो. कायदा एका हाताने आम्हाला पालकासारखे लक्ष ठेवायला लावतो आणि दुसऱ्या हाताने अंतर राखायला सांगतो. पावती मागणाऱ्या मुलाच्या बाबतीत पहिल्या हाताचे काहीच काम नव्हते, हे मात्र निःसंशय.

उत्तर : माजी_प्रतिनिधी

कायदा वर आलाच आहे, मी कागदांचे सांगतो. प्राचार्यांच्या नावे एक पानी अर्ज द्या: कोणत्या तारखेला बोलावले, काय मागितले, काय बजावले, ओळखपत्र कोणाच्या ताब्यात आहे, आणि आरोप लेखी कळवल्यास मी लेखी उत्तर देईन. अर्ज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. शिक्का देण्यास नकार मिळाला तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. त्याच दिवशी ईमेलही करा.

विलंब शुल्काचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागा. शासनाच्या अनुदानावर मोठ्या प्रमाणात चालणारे महाविद्यालय या कायद्याच्या कक्षेत येते, आणि उत्तराची सर्वसाधारण मुदत 30 दिवसांची आहे. माझ्या अनुभवात पावतीपुस्तके अशा अर्जानंतर आश्चर्यकारक वेगाने सापडतात.

तिसरे_सत्र

सर्वांचे आभार. अर्ज आजच लिहितो. दोन शंका राहतात. तक्रार ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांच्याकडेच ती द्यायची, तर तिचा उपयोग काय? आणि परीक्षा जवळ असताना हॉल तिकीट खरोखरच अडवले तर?

उत्तर : वकिली_चष्मा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. समितीने तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्या निर्णयाने समाधान न झाल्यास विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे 15 दिवसांत अपील करता येते. लोकपाल माजी कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश अशांपैकी असतो. तक्रार आधी महाविद्यालयातूनच जाते, ही या रचनेतील उणीव आहे, परंतु पहिली पायरी चुकवली तर वरच्या पायरीवर तोच आक्षेप घेतला जातो.

हॉल तिकीट मात्र या मुदतींची वाट पाहत नाही. ते अडवले गेल्यास त्याच दिवशी विद्यापीठाच्या परीक्षा नियंत्रकांना लेखी कळवा. तेथून दाद मिळाली नाही तर अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात याचिका दाखल करून परीक्षेला बसू देण्याचा अंतरिम आदेश मागता येतो. महाविद्यालय ट्रस्टचे आहे, शासनाचे नाही, असा बचाव अनुदानित महाविद्यालयाला सहसा उपयोगी पडत नाही; 1989 च्या अंडी मुक्ता ट्रस्ट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा संस्थेविरुद्धही अशी (रिट) याचिका चालते असे ठरवले आहे. वकिलाचे शुल्क परवडत नसेल तर उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. मुली, अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे यांना तेथे मोफत वकील मिळतो.

तोपर्यंत माफीनामा लिहू नका. न्यायालयात सर्वात आधी तोच कागद पुढे केला जातो.