पेइरोतेओचे गोल मोजायचेच नाहीत?

रात्रजागर: परवा हिशेबनीस यांनी लिहिलं, "पोर्तुगालचा फुटबॉल युसेबियोपासून सुरू होतो. त्याआधीचे गोल कच्च्या लीगमधले, ते मोजू नयेत." (युसेबियो म्हणजे साठच्या दशकातला पोर्तुगालचा स्टार स्ट्रायकर.) वाचून डोकंच फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

फर्नांदो पेइरोतेओ १९३७ साली अंगोलातून लिस्बनला आला आणि १९४९ मध्ये थांबला. तेवढ्यात लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबकडून पोर्तुगीज लीगच्या १९७ सामन्यांत ३३२ गोल. सहा मोसमांत सर्वाधिक गोल त्याचे. १९४६-४७ मध्ये तर १९ सामन्यांत ४३! लीग कच्ची होती, तर तीच लीग खेळणाऱ्या बाकीच्या सेंटर फॉरवर्डचे हात कोणी बांधले होते?

हिशेबनीस: हात नाही, पाय म्हणा. लेसा क्लबविरुद्ध १४-०, त्यात याचे एकट्याचे नऊ. याला स्पर्धा म्हणतात? १९४७ मध्ये इंग्लंडने लिस्बनला येऊन पोर्तुगालला दहा गोल घातले, परत एकही नाही. खरी पातळी तिथे कळली.

रात्रजागर: ते दहा गोल बचावफळीने खाल्ले, पेइरोतेओने नाही. देशाकडून २० सामने, १४ गोल. अकरा वर्षांत जेमतेम वीस सामने मिळाले, आणि महायुद्धामुळे १९४२ व १९४६ चे विश्वचषक झालेच नाहीत. मग तो सिद्ध करणार कुठे?

डावा विंगर: सगळे गोल घालणाऱ्यालाच ओवाळतात. 'पाच व्हायोलिनं' म्हणायची स्पोर्टिंगच्या त्या आक्रमक फळीला: जेझुस कोर्रेया, वास्केश, आल्बानो, त्राव्हासोस आणि पाचवा हा. बाकी चौघांनी ताट वाढून दिलं आणि हा जेवला. मी स्वतः बारा वर्षं कडेने क्रॉस टाकले. स्थानिक बातमीत नाव कायम दुसऱ्याचं. कोर्रेया तर रोलर हॉकीतही विश्वविजेता होता, त्याच्यावर कोण धागा काढतं?

रात्रजागर: तुमचं दुःख कळतं, पण तारखा बघा. ते पाचजण एकत्र आले १९४६ मध्ये. तोवर हा चार वेळा सर्वाधिक गोल करून बसला होता.

म्हापशेकर: "अंगोलातून आला" एवढं म्हणून पुढे जाऊ नका. पेइरोतेओ अंगोलातल्या हुम्पाताच्या गोऱ्या वसाहतकारांच्या घरातला. पोर्तुगालकडून खेळलेले मातातेउ आणि युसेबियो मोझांबिकचे, काळे. तिघांना 'आफ्रिकेतून आलेले' म्हणून एका पंक्तीत बसवू नका. माझे आजोबा मोझांबिकच्या लोरेन्सो मार्किशला (आजचं मापुतो) नोकरीला होते. तिथे काळ्यांची फुटबॉल संघटना निराळी, गोऱ्यांची निराळी, हे त्यांच्या तोंडून मी कितीदा ऐकलंय.

हिशेबनीस: विषय फुटबॉलचा आहे. राजकारण दुसरीकडे काढा.

म्हापशेकर: राजकारण? ऑक्टोबर १९६१ मध्ये लक्झेंबर्गला युसेबियो पोर्तुगालकडून पहिल्यांदा उतरला. प्रशिक्षक कोण होता? हाच पेइरोतेओ. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत गोवा मुक्त झाला. तोवर आमच्या घरातल्या माणसांवरही त्याच पोर्तुगीज सरकारचं राज्य होतं. तुमच्यासाठी हे विषयांतर असेल, आमच्या ओसरीवर रोज याच गप्पा असायच्या. आजोबा पोर्तुगालच्या हुकूमशहाला, सालाझारला, शिव्या घालत आणि त्याच बैठकीत युसेबियोच्या शॉटचं वर्णन करताना उभे राहत. ही दोन टोकं ज्यांच्या घरात नव्हती त्यांनी मला विषय शिकवू नये.

डावा विंगर: आवाज खाली घ्या. आजोबांचं बोलणं हा पुरावा होत नाही.

म्हापशेकर: तुमचे बारा वर्षांचे क्रॉस होतात का?

रात्रजागर: म्हापशेकर, माझी चूक. नुसतं 'अंगोलातून' लिहिणं अपुरंच होतं. पण हिशेबनीस यांनी एक लक्षात घ्यावं. ज्या युसेबियोपासून तुम्ही इतिहास सुरू करता, त्याला देशाच्या संघात पहिली संधी या 'कच्च्या लीग'वाल्यानेच दिली.

हिशेबनीस: दिली, आणि लक्झेंबर्गकडून ४-२ हरले. पण युसेबियोने गोल केला, म्हणजे निवड बरोबर होती, हे मानतो. १९७ सामन्यांत ३३२ हा आकडाही मोठा आहे. युसेबियोच्या वर मात्र मी त्याला ठेवणार नाही. ६६ च्या विश्वचषकातले नऊ गोल जगाने पाहिलेत.

रात्रजागर: वर ठेवा असं म्हणतंय कोण? मोजा एवढंच म्हणतोय. हा माणूस एकतिसाव्या वर्षी थांबला. त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान कर्जात होतं, आणि निरोपाच्या सामन्याचे पैसे ते फेडण्यात गेले. माझ्या काकांनी कंपनीच्या संघातून खेळून असंच दुकान टाकलं होतं. त्यांना निरोपाचा सामनाही मिळाला नाही. शटर कायमचं ओढलं त्या दिवशी मी शेजारी उभा होतो.

म्हापशेकर: कर्जाचं ठाऊक नव्हतं. आजोबा त्याच्याबद्दल कधी चांगलं बोलले नाहीत, आणि मीही लगेच बोलणार नाही. पण ३३२ मोजा.