कानून (१९६०) पहिल्यांदाच बघितला, शेवट पटला का कुणाला? (स्पॉयलर आहेत)

कोपऱ्यातली_खुर्ची: रविवारी बाबांनी हट्टाने बी. आर. चोप्रांचा कानून लावला. मी म्हटलं गाणं आलं की उठून चहा टाकू, तर अख्ख्या पिक्चरमध्ये एकही गाणं नाही! १९६० साली! चहा राहिलाच. सुरुवातीलाच नट जीवन आरोपीच्या पिंजऱ्यात उभा, ज्याच्या खुनाची शिक्षा भोगून आलाय त्यालाच आता खरोखर मारलंय आणि वर विचारतो, आता परत कसली शिक्षा? मग वकील राजेंद्रकुमार आपल्या होणाऱ्या सासऱ्याला, म्हणजे जज अशोककुमारला, सावकाराचा खून करताना बघतो आणि पकडला जातो भलताच भुरटा चोर. इथपर्यंत नखं खात बसले होते. आणि शेवटी काय, तर जजसारखा हुबेहूब दिसणारा दुसराच माणूस! शुद्ध फसवणूक.

निवांत_नाना: फसवणूक कसली अगं, पिक्चरच त्यावर उभा आहे. साक्षीदार एक अक्षर खोटं बोलत नाहीये आणि तरी चुकतोय. अशा साक्षीवर फाशी दिली तर माणूस परत आणणार का?

कोपऱ्यातली_खुर्ची: ते कळलं हो नाना. पण ओळख चुकायला डुप्लिकेट कशाला लागतो? अंधार, घाई, घाबरलेला माणूस, एवढं पुरतं की. डुप्लिकेट आणला की लोक म्हणणार हे लाखात एकदा होतं, म्हणजे फाशीविरुद्धचा मुद्दा त्यांनीच पातळ केला.

काळा_कोट: मी वकिली करतो म्हणून मधे पडतो. जीवनचं भाषण टाळ्यांचं आहे, पण कोर्टात दोन मिनिटं टिकणार नाही. घटनेच्या कलम २०(२) नुसार एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नाही, बरोबर, पण आत्ताचा खून हा नवा गुन्हा ना! जुन्या शिक्षेबद्दल दाद मागायची ती वेगळी मागा. आणि होणारा जावई सासऱ्यासमोर केस चालवतो याचं कुणालाच काही वाटत नाही?

निवांत_नाना: कोटसाहेब, तुमच्यासोबत पिक्चर बघणाऱ्याची कीव येते 😄 कायदा बाजूला ठेवा, तो भुरटा चोर बघा. नाना पळशीकर! फिल्मफेअर मिळालं त्यांना याच कामासाठी. त्या चेहऱ्याकडे बघून फाशी म्हणायची हिंमत होते का सांगा.

काळा_कोट: चेहरा बघून सोडायचं म्हणजे चेहरा बघून लटकवायचंही आलंच की!

कोपऱ्यातली_खुर्ची: पळशीकरांबद्दल वादच नाही, पण डुप्लिकेटचं मी सोडणार नाही. बाबा मागून ओरडतायत, "तुला जमतंय का दुसरा शेवट लिहायला?"