'डिपर मारा' हे इंग्रजीत कसं लिहायचं?

पानखूण: वाहनाच्या मराठी माहितीपुस्तिकेचं इंग्रजी भाषांतर सुरू आहे. मूळ वाक्य असं: 'रात्री ओव्हरटेक करण्यापूर्वी डिपर मारा.' मी 'डिप युवर हेडलाइट्स बिफोर ओव्हरटेकिंग' केलंय. चालेल का? आणि हेडलाइट, हाय बीम हे शब्द जोडून लिहायचे की तोडून?

स्वल्पविराम: हे वाक्य असंच छापू नका, अर्थ उलटा होतोय! आपण डिपर मारतो म्हणजे वरचा झोत क्षणभर लावतो आणि लगेच सोडतो. इंग्रजीत 'डिप' म्हणजे झोत खाली घेणं आणि तसाच खाली ठेवणं. तुमचं वाक्य वाचणारा ओव्हरटेकच्या तोंडावर दिवा खाली करेल आणि पुढच्या गाडीला इशारा जाणारच नाही. इथे 'फ्लॅश युवर हेडलाइट्स' हवं.

समोरून गाडी आली की झोत खाली घ्या, असं सांगायचं असेल तिथे 'डिप' चोख. ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही याच अर्थाने येतो. भूतकाळात त्यात दोन 'पी'. अमेरिकी वाचकासाठी 'डिम' किंवा 'स्विच टू लो बीम'. 'गिव्ह डिपर' मात्र कुठेच नको. बाहेरच्या वाचकाला डिपर म्हणजे पळी वाटेल.

दिवाबत्ती: हेडलाइट एकच शब्द, मध्ये जागा नाही, जोडरेषा नाही. हाय बीम नाम असताना दोन शब्द, पण पुढच्या नामाचं विशेषण झालं की जोडरेषा: 'हाय-बीम स्विच'. ब्रेक लाइट तोडून. टेललाइट अमेरिकेत जोडून, ब्रिटनमध्ये बहुधा तोडून किंवा जोडरेषेने.

पानखूण: वाक्य बदललं, आभार. सुट्या भागांच्या यादीत मात्र हेडलॅम्प लिहिलंय. तेही हेडलाइट करू का?

स्वल्पविराम: नको, यादीत तेच योग्य. अमेरिकेचं सुरक्षा मानक 108 आणि संयुक्त राष्ट्रांचा नियम 48, दोन्हींत हेडलॅम्पच आहे. काटेकोर बोलायचं तर लॅम्प म्हणजे काच, बल्ब, परावर्तक धरून अख्खा दिवा, आणि लाइट म्हणजे त्याचा उजेड. रोजच्या इंग्रजीत हा भेद कुणी पाळत नाही. म्हणून दुरुस्तीच्या प्रकरणात 'रिप्लेस द हेडलॅम्प', चालकाच्या सूचनांत 'टर्न ऑन द हेडलाइट्स'. एकाच सूचनेत दोन्ही नकोत.

दिवाबत्ती: झोतांच्या जोड्याही तपासा. हाय-लो किंवा मेन-डिप्ड (मेन म्हणजे हायच, डिप्ड म्हणजे लोच). एका पानावर मेन आणि दुसऱ्यावर लो आलं, तर वाचणारा तिसरा झोत शोधत बसतो.