ब्रेल पुस्तकांच्या जोडीने

अंधांसाठी काम करणाऱ्या आपल्या भागातल्या संस्थेला ब्रेल पुस्तकं भेट द्यावीत, ही सूचना चांगलीच आहे. फक्त आधी संस्थेला विचारा. तिथे अंशतः दिसणारेही येतात, आणि उतारवयात काचबिंदूने किंवा मधुमेहाने दृष्टी गेलेल्यांना ब्रेल सहसा येत नाही. त्यांना मोठ्या टायपातली छपाई, भरपूर उजेड, पायरीच्या कडेला पिवळी पट्टी यांचा जास्त उपयोग.

घरबसल्या करण्यासारखं एक काम मला फार मोलाचं वाटतं: पुस्तकांतला, नोट्समधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला ओळखता येणाऱ्या अक्षरांत, टाइप करून देणं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा संगणकाचा प्रोग्राम, फुकट मिळतो, मराठीही वाचतो. पण पानांचे नुसते फोटो जोडून केलेली पीडीएफ त्याच्यालेखी कोरीच, आणि युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तो भलतीच अक्षरं म्हणून वाचतो. परीक्षा तोंडावर असताना अशा नोट्स हातात पडल्या तर अंध मुलांनी करायचं काय?

प्रत्यक्ष जाणार असाल तर कुणाला हाताला धरून ओढू नका. आपलं कोपर धरू द्या, अर्धं पाऊल पुढे चाला, पायऱ्या चढायच्या की उतरायच्या ते आधी सांगा. आणि परीक्षेत अंध विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणारा लेखनिक म्हणून होकार दिलात तर कृपया ऐनवेळी मागे फिरू नका.