सॅटर्नची रिळं आणि त्यांचं ‘नवं रूप’

गेटमधला केस
विजेरी यांनी परवा लिहिलं की सॅटर्नचे, म्हणजे व्हिएन्नातल्या योहान श्वार्झरच्या कंपनीचे, १९०६ ते १९१० मधले कामुक मूकपट म्हणजे नुसतं न्हाणीघरात डोकावणं. रंग भरले, सेकंदाला ६० चौकटी (फ्रेम) केल्या आणि खाली सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगीत, वाजवला तरच त्यांची कला होते म्हणे. हे वाचून गप्प बसवत नाही.

१९०७ चा शिल्पकाराच्या स्वप्नाचा पट घ्या. शिल्पकाराला डुलकी लागते आणि त्याने घडवलेल्या तीन स्त्रिया जिवंत होतात. सगळा पट एका क्षणावर उभा आहे: निश्चल शरीर हलतं तो क्षण. विजेरी, तुम्ही दुवा दिलेल्या आवृत्तीत पुतळे पहिल्यापासूनच पोहताहेत. कारण साधं आहे. जुनी फिल्म आकसते, तिच्या कडेच्या छिद्रांमधलं अंतर बिघडतं आणि चित्र डोलतं. ते आधी स्थिर न करता ६० चा आकडा गाठायला मधल्या नव्या चौकटी बनवायला घेतल्या की सॉफ्टवेअर त्या डोलण्यालाच हालचाल समजतं. श्वार्झरने मुद्दाम धरून ठेवलेली स्थिरता तुम्ही पुसलीत.

विजेरी
मूळ मूळ काय लावलंय? नायट्रेट, म्हणजे ती जुनी ज्वालाग्राही फिल्म, आपल्यापैकी कोण लावून बघणार आहे? श्वार्झरची कंपनी सरकारी कारवाईत १९११ पर्यंत बंद पडली, सगळे पट उरलेही नाहीत. फिल्मआर्काइव्ह ऑस्ट्रियाने जपलेल्या प्रतींची स्कॅन आपण बघतो. म्हणजे तीही आवृत्तीच. गुस्ताव्ह डॉइच या दिग्दर्शकाने २००९ मध्ये मूकपटांतल्या कामुक तुकड्यांना युद्धाची दृश्यं जोडली, वर सॅफो आणि प्लेटोची वचनं टाकली, तर ती कला. घरी बसून कुणी केलं की पाप? हा निव्वळ उच्चभ्रूपणा आहे.

अनामिका
डॉइचने एकही चौकट नव्याने बनवली नाही. शेजारी बदलला, आणि तो बदल प्रेक्षकाला दिसतो. तुमच्या पद्धतीत काय बदललं ते दिसतच नाही, माझा राग त्यावर आहे.

फ्रेंच दिग्दर्शक मेलियेसचा १८९७ चा ‘बॉलनंतर’ आठवा. त्यात नटी जेआन दाल्सीच्या अंगावर कातडीच्या रंगाचा घट्ट पोशाख आहे आणि दासी पाणी म्हणून जे ओतते ती वाळू आहे, कारण ती पडद्यावर ठळक उठते. त्या पोशाखाच्या चुण्या हाच पुरावा, की ही बाई नग्न नाही, नग्नतेचा अभिनय करते आहे. डीनॉइज, म्हणजे चित्रातला खरखरीतपणा पुसणारं साधन, जोरात लावलं की बारीक पोत पहिला जातो. चुण्या गेल्या की उरते गुळगुळीत कातडी. तिने कॅमेऱ्यासमोर जे दिलंच नव्हतं ते तुम्ही सव्वाशे वर्षांनी तिच्याकडून काढून घेताय. सॅटर्नच्या बायकांची तर नावंही पडद्यावर नाहीत. त्यांच्या बाजूने बोलायला ती चौकटच उरली आहे.

प्रोजेक्शन बूथ
वेगाबद्दल दोन्हीकडून ढिसाळ लिहिलं जातंय. हाताच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी जातात. सेकंदाला दोन फेरे म्हणजे १६. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी, मीटरमध्ये साडेबावन्न. ६० मीटरचं रीळ १६ च्या वेगाने सव्वातीन मिनिटं चालतं, २४ ने सव्वादोन. कपडे उतरवण्याच्या दृश्यात एक मिनिट कमी झालं की मादकपणा जातो आणि हसू येतं. बहुतेकांनी हे पट तसेच पाहिलेत, म्हणून ते ‘बाष्कळ’ वाटतात.

लुकलुकण्याची भीती उगीच घालतात. प्रोजेक्टरच्या शटरचं पातं उजेड क्षणभर अडवतं. १६ चौकटींना तीन पात्यांचं शटर, २४ ला दोन पात्यांचं: दोन्हीकडे ४८ झपके. डिजिटलमध्येही ४८ ची फाइल करा, प्रत्येक चौकट तीनदा. काहीही नवं बनवावं लागत नाही. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर मात्र १६ चा भाग जात नाही, तिथे झटके बसतात.

विजेरी
बूथकाका, तुम्हीच मान्य केलंत! माझ्याकडे आणि जगातल्या बहुतेकांकडे ६० चाच पडदा आहे. मग झटके सहन करायचे?

प्रोजेक्शन बूथ
२० चौकटींवर चालवा, प्रत्येक तीनदा. थोडं घाईचं दिसेल, पण खोटी चौकट एकही नाही. आणि छापण्याच्या वेळी दर दुसरी चौकट दुप्पट करून १६ चे २४ करायची जुनी पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच. तीही वाईट, चाल अडखळते. पण ती लपत नाही.

त्र्यंबक
व्हिएन्नाचं पुरे. दादासाहेबांच्या हरिश्चंद्रातलं हौदाचं दृश्य कुणालाच कसं आठवलं नाही? ओल्या साड्या अंगाला चिकटलेल्या, आणि आत सगळे पुरुष; तारामती म्हणजे साळुंके. रंगवणाऱ्या सॉफ्टवेअरला हे द्या, ते त्या दंडांवर बाईची कांती चढवेल. जे रीळ आपण बघतो ते १९१३ चं की १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीचं, यावर अजून वाद आहेत आणि इथे लोक त्यावर सिंथ चढवायला निघालेत. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म संग्रहालयाचा नायट्रेट साठा जळाला, त्यावर असा मोठा धागा का निघत नाही? खराब होत आलेलं नायट्रेट चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकतं, हे पुण्याच्या उन्हाळ्यात माहीत नसावं?

विजेरी
जानेवारीत उन्हाळा कुठून आला? आणि आगीचा इथे संबंध काय?

त्र्यंबक
संबंध हाच, की साठा गेला की फक्त प्रत उरते. ती प्रत जर तुमच्यासारख्यांनी गुळगुळीत केलेली असेल तर उद्या तीच मूळ ठरेल. यात समजायला अवघड काय आहे?

अनामिका
रंगाचं त्र्यंबक बरोबर बोलतात. तेव्हाच्या फिल्मला लाल जवळजवळ दिसतच नसे. ओठ काळे पडतात, त्वचा गडद होते, निळं आकाश पांढरंफेक. सॉफ्टवेअर गडद राखाडीला सावळी कातडी समजतं. म्हणजे व्हिएन्नाच्या त्या मुलींचा वर्णसुद्धा तुम्ही ठरवणार.

विजेरी
रंगाचं मान्य. नाइलाजाने. मी ती आवृत्ती काढते, पण संगीत ठेवणार. या पटांसोबत तेव्हा काय वाजत होतं ते कुणाकडे लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे पियानो शुद्ध आणि सिंथ अशुद्ध हे मी ऐकून घेणार नाही.

गेटमधला केस
संगीताला माझा विरोध नव्हताच. मात्र फ्रेम कापू नका. मूकपटाचं चित्र छिद्रांपासून छिद्रांपर्यंत असतं. बोलपटाच्या गेटमधून, म्हणजे चित्राची चौकट ठरवणाऱ्या खिडकीतून, काढलं की ध्वनिपट्टीच्या जागेचे सुमारे अडीच मिलिमीटर एका कडेने जातात. तुमच्या आवृत्तीत डावीकडची तिसरी स्त्री अर्धी कापली गेली आहे. पूर्ण रुंदीचं स्कॅन घ्या, छिद्रं दिसतील असं. त्यांच्यावरूनच चित्र स्थिर करता येतं. धूळ त्यानंतर काढा, आणि फिल्मचे स्वतःचे कण (ग्रेन) राहू द्या.

विजेरी
छिद्रांसकट स्कॅन मला कोण देणार? संग्रहालयं कापलेलीच फाइल देतात आणि मग आम्हालाच झोडपतात.

प्रोजेक्शन बूथ
मागताना ‘ओव्हरस्कॅन’, म्हणजे छिद्रांसकट स्कॅन, हा शब्द लिहा आणि वेग १६ ठेवायला सांगा. ते न लिहिता मागितलं की २४ ची कापलेली फाइलच हातात येते.