मदत हवी आहे: जिप्सीचे रॉकर शाफ्ट, कोणता कुठे आणि कोणतं टोक पुढे?

राजेहो, नागपुरात जुन्या जिप्सीचं हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्हचा भाग) स्वतः बांधलेलं कोणी आहे का इथे?

गाडी जिप्सी किंग, १२९८ सीसी, आठ व्हॉल्व्हची, कार्ब्युरेटरवाली. आधीच्या मालकानं पेंचला सिल्लारी गेटवर चालवलेली, म्हणजे धूळ पोटभर खाल्लेली. ऑइल प्यायला लागली म्हणून इंजिन उघडलं. रिंग-पिस्टनचं काम झालं, हेडही हिंगणा एमआयडीसीतून फेस करून (तळ सपाट करून) आलं. पण ज्या मिस्त्रीनं खोललं तो रोवणीसाठी भंडाऱ्याकडे गावी गेला, फोन उचलत नाही. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे हात), स्प्रिंगा, रॉकर ज्यांवर डोलतात ते दोन्ही शाफ्ट, सगळं एकाच पिशवीत. खूण म्हणून कशावर काही नाही.

दोन्ही शाफ्ट मला सारखेच दिसतात. एक घालून पाहिला, तो अर्ध्यात अडला. लाकडी ठोकळा ठेवून ठोकू का? तेलाची भोकं वर ठेवायची की खाली? सर्व्हिस सेंटरला विचारलं तर म्हणे गाडी घेऊन या. अहो, इंजिन मानेवाड्यात माझ्या पोर्चमध्ये पडलंय, गाडी येईल कशी?

सतरापाना:
ठोकू नका भाऊ! शाफ्ट तेल लावून हातानं सरकला पाहिजे. अडत असेल तर टोकाला बर (धातूची उठलेली कड) आली असेल, बारीक एमरीनं काढा आणि रॉकेलनं धुवा. टॅपेटचे स्क्रू (रॉकरच्या टोकाचे, व्हॉल्व्हचं अंतर ठरवणारे) पूर्ण सैल केलेत का? नसतील तर रॉकर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर दाबून बसतो आणि शाफ्टला वाट देत नाही. बहुतेक तेच असावं.

आता ओळख. टोकाकडे बोट फिरवा, एका बाजूला पायरी लागेल. व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावा. पायरी १४ मिमी तो इनटेकचा (आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा), १५ मिमी तो एक्झॉस्टचा (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा). इनटेकची पायरी टायमिंग पुलीकडे, म्हणजे पुढे; एक्झॉस्टची डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे मागे. म्हणजे दोन्ही एकमेकांच्या उलट जातात, आणि इथेच चांगले चांगले मिस्त्री फसतात. भोकांचं टेन्शन घेऊ नका. शाफ्ट बरोबर बाजूनं गेला की तो धरून ठेवणाऱ्या स्क्रूची जागा आपोआप समोर येते. स्क्रू बसत नसेल तर समजा शाफ्ट उलटा किंवा चुकीचा. तेल शाफ्टच्या पोटातूनच रॉकरला जातं, त्यामुळे आतली भोकं तारेनं मोकळी करून मगच घाला.

आणि हो, कॅमशाफ्ट (रॉकरला ढकलणारा दांडा) आधी घाला. तो गिअरबॉक्सच्या बाजूनं आत जातो.

लेथवाला_वाडी:
वरचं सगळं बरोबर. भर एवढीच की जुना शाफ्ट खालच्या बाजूनं घासलेला असतो, कारण कॅम आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग दोघंही रॉकरला खालून वर ढकलतात. घासलेल्या चकाकत्या पट्ट्या खाली आल्या म्हणजे शाफ्ट पहिल्यासारखाच बसला. मी आधी हे बघतो, मग व्हर्नियर काढतो.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. पायरी सापडली! अडलेला शाफ्ट एक्झॉस्टचा निघाला, मी तो इनटेकमध्ये घालत होतो. टॅपेटही सैल नव्हते. आता दोन्ही हातानं गेले, स्क्रूही बसले. एकच राहिलं. एक्झॉस्टच्या शाफ्टवर दोन नंबरच्या रॉकरखाली नखाला कड लागते. चालेल का?

लेथवाला_वाडी:
नखाला लागली म्हणजे गेला. शाफ्ट नवा घ्या आणि तो रॉकरही, कारण त्याचं बोअरही तितकंच खाल्लेलं असणार. एवढा खर्च केलाय तर इथे हात आखडू नका. फिट झाल्यावर टॅपेट सेट करा, प्लग काढून ठेवा, स्टार्टर मारा आणि आठही रॉकरवर तेल पोचलं का ते बघा. मगच वरचं कव्हर लावा.