मदत हवी आहे: १२ वर्षांच्या मांजरीला घर कसं मिळवून द्यावं?

मी ज्या शेल्टरमध्ये मदतीला जाते तिथे एक करडी, १२ वर्षांची मांजर आहे. येणारी माणसं थेट पिल्लांकडे वळतात. वय ऐकलं की "आता किती दिवस राहिलेत तिचे" म्हणून पुढे जातात. घरात राहणारी मांजर पंधरा-सोळा वर्षंही जगते, पण हे सांगेपर्यंत कुणी थांबतच नाही.

नसबंदी आणि लसीकरण झालंय. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी काम करतेय ते दाखवणारा घटक) थोडं वाढलंय, त्यामुळे किडनीसाठीचं खाणं आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी लागेल. सांधे दुखतात, म्हणून लिटर बॉक्स (शी-शूचा ट्रे) कमी काठाचा हवा. अनोळखी माणूस दिसला की आधी लपते. मग हळूच येऊन मनगटाला डोकं घासते आणि तिथेच हनुवटी टेकवून झोपी जाते. हे पाहायला लोकांनी थोडं बसायला तरी हवं ना!

तुमच्यापैकी कुणी वयस्कर मांजर दत्तक दिली किंवा घेतली आहे का? किडनीचं पहिल्याच पोस्टमध्ये लिहावं, की भेटीत समजावून सांगावं? लपवायचं तर अजिबात नाही. निवृत्त मंडळींचं शांत घर तिला मानवेल असं वाटतं, पण अशा लोकांपर्यंत पोहोचायचं कसं? घर मिळेपर्यंत फॉस्टर करायला कुणी तयार असेल तरी कृपया कळवा.